वळवाच्या वाऱ्यात उभं विमान: दोर, नांगर आणि हातात असलेली वीस मिनिटं

एप्रिल-मे महिन्यात कराड, विटा, तासगावच्या पट्ट्यात दुपारी तीननंतर आभाळ काय करेल याचा नेम नसतो. सकाळभर अंगाची लाही लाही, दुपारी वारा पार पडलेला, झाडाचं पान हलत नाही. मग डोंगरामागून काळं आभाळ वर येतं आणि अर्ध्या तासात सगळं होऊन जातं. बेदाणा शेडवाला ताडपत्री ओढायला धावतो, भाजीवाला गाडा भिंतीला लावतो. ॲप्रनवर, म्हणजे विमानं उभी करायच्या जागेवर, उभ्या असलेल्या छोट्या विमानाकडे बघून मात्र कुणीतरी हमखास म्हणतं, "जाईल की दहा मिनिटांत." त्या दहा मिनिटांत विमान पाठीवर पडू शकतं. इंजिन बंद असतं, आत कुणी नसतं, हवेत जायचा प्रश्नच नसतो, तरी पडतं.

साताऱ्यात कराडजवळ वारुंजीचं विमानतळ आहे. कोयना धरणाच्या कामाच्या काळात, १९५०च्या दशकात बांधलेलं, धावपट्टी साधारण सव्वा किलोमीटरची. सांगलीकडे कवलापूरची जुनी धावपट्टी आहे, ती वर्षानुवर्षं फक्त मागण्यांमध्येच उडते. अशा छोट्या तळांवर उतरणाऱ्या, शिकणाऱ्या, विमान ढकलणाऱ्या, दोर बांधणाऱ्या सगळ्यांसाठी हे लिहितोय. वैमानिकांपेक्षा दोर बांधणाऱ्यांनी जास्त लक्षपूर्वक वाचावं, कारण इथला निकाल बहुतेक वेळा त्यांच्या हातात असतो. माझं म्हणणं थोडक्यात असं: वादळात विमान वाचणार की नाही, हे बरंचसं मार्च महिन्यात जमिनीत काय पुरलंय यावर ठरतं. ढग दिसल्यावर आपल्या हातात फक्त उरलेलं काम असतं.

आधी हिशेब

पंखाला इंजिन चालू आहे की बंद, हे कळत नाही. त्याच्यावरून हवा पुरेशा वेगाने गेली की तो उचलणार. सेसना १५२ हे शिकण्यासाठी सर्रास वापरलं जाणारं दोन आसनी विमान घ्या. पूर्ण भरलेलं असताना वजन ७५७ किलो, आणि फ्लॅप (पंखामागच्या, खाली वळणाऱ्या झडपा) न काढता ते साधारण ४८ नॉटला, म्हणजे ताशी ८९ किलोमीटरला हवेत तग धरू शकतं. रिकामं उभं असताना तेच विमान पाचशे किलोच्या आसपास. वजन कमी झालं की लागणारा वेगही कमी होतो. गणित केलं तर ताशी सत्तर-बहात्तर किलोमीटरचा वारा पुरतो. अट एकच, नाक पुरेसं वर उचललं गेलं पाहिजे. आणि झोताचा वारा नेमकं तेच करतो.

हवामान विभागाच्या वर्गवारीत ६२ ते ८७ किलोमीटर वेगाच्या वाऱ्याचं वादळ 'तीव्र' समजतात. म्हणजे मोबाईलवर 'तीव्र मेघगर्जनेसह वादळ' असा इशारा आला, तर तो सरळ आपल्या विमानाच्या उड्डाणवेगाचा इशारा आहे असं समजायला हरकत नाही.

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो, ही गोष्ट ऐकलेली सगळ्यांनी असते, पण दोर निवडताना आठवत नाही. ताशी ५० किलोमीटरला त्या पंधरा चौरस मीटरच्या पंखावर नाक उचललेल्या अवस्थेत दीड-दोनशे किलोचा उचल येतो. १०० किलोमीटरला तोच सहाशे-सातशे किलो. कराडची उंची आणि मे महिन्याची गरम हवा धरली तर आकडा थोडा इकडेतिकडे, एवढंच.

यातून एक गोष्ट लगेच निकाली निघते. वारा सुटला की चार पोरं पळत जाऊन पंखाला लोंबकळतात, हे आपल्याकडे बऱ्याच जणांना शौर्याचं वाटतं. सत्तर किलोचा माणूस सातशे किलोच्या उचलीपुढे काय करणार? पंख त्याला घेऊन वर जाईल आणि मग त्याच्यावरच पडेल. झोत आल्यानंतर विमानाला हात लावायचा नाही. विमान परत मिळतं.

मोठ्या विमानांचंही वेगळं नाही. १७ डिसेंबर २०२३ला ब्युनोस आयर्सच्या एरोपार्के विमानतळावर उभं असलेलं बोइंग ७३७ वादळी वाऱ्याने जागच्या जागी फिरवलं आणि ते शिडीवर आदळलं. तिथे वजन होतं चाळीस टनांच्या आसपास.

वळीव येतो तो कसा

मोसमी पावसाचा वारा आणि वळवाचा वारा यांत गल्लत करू नका. जून-जुलैचा वारा पश्चिमेकडून, दिवसेंदिवस, एकसारखा. त्याला विमानाचं तोंड पश्चिमेला करून उभं केलं की काम भागतं. वळवाचा वारा ढगातून खाली कोसळतो. पावसाबरोबर थंड झालेली जड हवा जमिनीवर आपटते आणि चारी बाजूंना पसरते. शास्त्रज्ञ टेड फुजिता यांनी १९७०च्या दशकात या कोसळणाऱ्या झोतांना डाउनबर्स्ट आणि मायक्रोबर्स्ट ही नावं दिली. चार किलोमीटरपेक्षा कमी व्याप्तीचा तो मायक्रोबर्स्ट. १ ऑगस्ट १९८३ला अमेरिकेतल्या अँड्र्यूज हवाई तळावर अशाच एका झोतात १३० नॉटच्या वर वारा नोंदला गेला. राष्ट्राध्यक्ष रेगन यांचं विमान तिथे काही मिनिटं आधीच उतरलं होतं.

आपल्या कामाचं यातून हे निघतं: वारा कुठल्या दिशेने येणार हे ढग कुठे आहे त्यावर ठरतं, ऋतूवर नाही. ढग पूर्वेला असेल तर वारा पूर्वेकडून. तासाभरात दुसरा ढग पश्चिमेला, पाटणच्या बाजूला तयार झाला तर वारा उलटा. पश्चिमेचा वारा गृहीत धरून उभं केलेलं विमान पूर्वेकडून आलेल्या झोताला शेपूट दाखवून उभं असतं.

दुसरी गोष्ट, वारा पावसाच्या आधी येतो. थंड हवेची ही आघाडी ढगाच्या पुढे दहा-पंधरा किलोमीटरसुद्धा धावते. म्हणून 'पाऊस सुरू झाला की बांधू' हा विचार उपयोगाचा नाही. पावसाचा पहिला थेंब पडेपर्यंत सगळ्यात वाईट झोत येऊन गेलेला असू शकतो.

तयारीचा क्रम मी असा धरतो. सकाळी हवामान विभागाचा जिल्हावार अंदाज बघायचा. सातारा किंवा सांगलीला पिवळा किंवा नारिंगी रंग असेल, तर दुपारी दोननंतर कुठलंही विमान न बांधता उभं राहणार नाही हे सकाळीच ठरवून टाकायचं. दुपारी तीन तासांचे तातडीचे इशारे येतात, त्यांत वाऱ्याचा वेग दिलेला असतो, तो वाचायचा. सगळ्यांच्या फोनमध्ये पुण्याच्या उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेचं 'दामिनी' ॲप असावं. ते वीस आणि चाळीस किलोमीटरच्या वर्तुळात कुठे वीज पडतेय हे दाखवतं. वीज चाळीसच्या वर्तुळात आली की दोर बाहेर. वीसच्या वर्तुळात आली की काम आटोपून माणसं आत. ढग ताशी चाळीस-पन्नास किलोमीटरने सरकतोय असं धरलं, तर चाळीस आणि वीस या दोन वर्तुळांमध्ये पंचवीस-तीस मिनिटं मिळतात. त्यातली पाच-दहा बोलण्यात, कुलूप उघडण्यात आणि दोर शोधण्यात जातात. कामाला उरतात वीस.

ॲपवर विसंबून आभाळाकडे बघणं सोडू नका. कराडच्या तळावरून आगाशिवाचा डोंगर दिसतो. तो धुळीत पुसट व्हायला लागला, विंडसॉक (वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी) आधी पूर्ण लोंबला आणि मग एकाएकी वेगळ्याच दिशेला ताठ झाला, उकाड्यात अचानक गार हवा लागली आणि ओल्या मातीचा वास आला, तर वीस मिनिटांचा हिशेब संपला. आता दोन-तीन मिनिटं आहेत. हातातला दोर पूर्ण बांधा, पुढच्या विमानाकडे जाऊ नका.

वीज चमकल्यापासून आवाज येईपर्यंतचे सेकंद मोजले आणि तीनने भागले की अंतर किलोमीटरमध्ये मिळतं. तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला, तर मोकळ्या ॲप्रनवर धातूच्या विमानाला हात लावून उभं राहायचं नाही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबायचं.

जमिनीतला नांगर

खरा विषय हा. नांगर म्हणजे दोराचं खालचं टोक ज्याला बांधतात ते, जमिनीत पुरलेलं. दोर बाजारात मिळतो, गाठ अर्ध्या तासात शिकता येते, पण नांगर चुकला तर बाकी सगळं व्यर्थ.

कृष्णाकाठची काळी माती उन्हाळ्यात दगडासारखी घट्ट होते. एप्रिलमध्ये तिच्यात लोखंडी मेख ठोकायला घणाचे पंचवीस घाव लागतात, आणि ठोकणाऱ्याला वाटतं की ही आता जन्मात निघत नाही. पण ही माती सुकताना आक्रसते, तिला हातभर भेगा पडतात, आणि पाणी लागलं की फुगून लोण्यासारखी मऊ होते. मेखेला जास्तीत जास्त जोर कधी येणार? पाऊस सुरू झाल्यावर. तिची पकड सगळ्यात कमी कधी असणार? त्याच वेळी. म्हणून काळ्या मातीत तंबूच्या मेखा, ट्रॅक्टरची सळई, कोपऱ्यात पडलेला अँगल, यांतलं काहीही चालत नाही. मुरमात थोडी बरी पकड मिळते, पण भिजल्यावर तीही ढिली होते.

काँक्रीटचा ठोकळा पुरणं हाच कायमचा उपाय. अमेरिकेच्या विमान प्राधिकरणाची विमानं बांधण्याविषयीची जुनी सूचना आहे, १९८३ सालची. तीत एका इंजिनाच्या हलक्या विमानाच्या दोराने सुमारे ३००० पौंड, म्हणजे साधारण १३६० किलो ओढ सोसावी असं म्हटलंय. सेसना १५२च्या हँडबुकात मात्र ७०० पौंडांचा दोर पुरेसा धरलाय. मी मोठा आकडा धरतो. हँडबुकातला आकडा कमीत कमी किती असावा हे सांगतो, आणि वळवाच्या झोताने हँडबुक वाचलेलं नसतं.

आता ठोकळ्याचं माप. साध्या काँक्रीटचं वजन घनमीटरला साधारण २४०० किलो. दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल ठोकळा भरला तर वजन होतं जेमतेम साडेपाचशे किलो. बघायला भक्कम वाटतो, पण आकड्यात बसत नाही. तीन बाय तीन बाय तीन फुटांचा ठोकळा पावणेदोन टनांच्या वर जातो. मातीची पकड शून्य धरली तरी पुरतो, आणि काळ्या मातीत ती शून्यच धरावी. खड्डा तळाशी रुंद आणि वर अरुंद घेतला तर वरची मातीही वजन म्हणून कामाला येते. गवंड्याला हे समजावून सांगावं लागतं, कारण त्याचा हात नेहमी सरळ खड्ड्यावर बसलेला असतो.

ठोकळ्यात वरती कडी हवी. ती साधारण १६ मिलिमीटरच्या सळईची, उलट्या 'यू' आकारात वाकवलेली, दोन्ही टोकं खाली काँक्रीटमध्ये खोलवर जाऊन बाहेरच्या बाजूला वळलेली असावी. नुसती टाचणीसारखी खोचलेली कडी उपटून येते. कडी जमिनीच्या वर येऊ देऊ नका. टायरला लागते, रात्री माणूस अडखळतो, आणि प्रोपेलरखाली आलेली कुठलीही वस्तू धोक्याचीच. ठोकळ्याच्या माथ्यावर छोटा खळगा ठेवून कडी त्यात बसवायची आणि खळग्याला पाणी निघून जाण्यासाठी एका बाजूने उतार द्यायचा. तो विसरला की जुलैपर्यंत कडी गंजलेली. दरवर्षी मार्चमध्ये कडीवर हातोडी मारून आवाज ऐका, गंजाचे पापुद्रे खरवडून उरलेली जाडी मोजा. एक चतुर्थांश गेली असेल तर बदला.

प्रत्येक विमानाला तीन ठोकळे: दोन पंखांखाली, एक शेपटीखाली. नाकाला चौथा मिळाला तर उत्तम. पंखाच्या कडीच्या अगदी खाली ठोकळा असण्यापेक्षा थोडा बाहेर आणि किंचित पुढे असावा, म्हणजे दोर विमानाला आडवंही सरकू देत नाही. शेपटीचा दोर मागे तिरका. सेसना १५२ची पंखांची लांबी टोक ते टोक सव्वादहा मीटरच्या आत आहे, १७२ची ११ मीटर. दोन्ही उभी राहतील असं अंतर ठेवायचं असेल तर जागा आखताना मोठं विमान धरा. शेजारच्या विमानापासूनही पुरेसं अंतर हवं. एक विमान सुटलं की ते शेजारच्या तिघांना घेऊन जातं.

बाहेरगावी, नांगर नसलेल्या पट्टीवर रात्र काढायची वेळ आली तर? मग विमान तिथे न्यायचंच नाही, हे माझं मत. अगदीच अडलं तर खत किंवा सिमेंटच्या पोत्यांत वाळू भरून त्यांचे ढीग जाळ्यात बांधून वापरता येतात. पण पन्नास किलोच्या पोत्यांनी १३६० किलो करायला एका दोरामागे सत्तावीस-अठ्ठावीस पोती लागतात. हा हिशेब ऐकला की लोक विमान परत घेऊन जातात.

दोर आणि गाठ

नायलॉनचा १२ मिलिमीटरचा तीन पदरी दोर घ्या. नवा असताना त्याची तुटण्याची ताकद तीन टनांच्या घरात असते. गाठ मारली की त्यातला तिसरा हिस्सा ते निम्मा कमी होतो, हे धरून तो अजूनही पुरतो. नायलॉन थोडा ताणतो, त्यामुळे झटका शोषला जातो. साखळीला ती सवय नाही. ढिली राहिलेली साखळी झोताबरोबर खाडकन ताणते आणि तो झटका थेट पंखाच्या जोडावर जातो.

काथ्याचा किंवा सुताचा दोर नको. तो भिजला की आखडतो, विमान खाली ओढून धरतो आणि वर्षभरात कुजतो. बाजारात सगळीकडे मिळणारा निळा-हिरवा प्लास्टिकचा दोर, उसाच्या ट्रॉलीवर असतो तो, तोही नको. स्वस्त आहे, पण उन्हात त्याचे धागे ठिसूळ होतात. हाताने पिळून बघा, भुकटीसारखे तंतू गळत असतील तर त्याची ताकद किती राहिली हे कुणालाच सांगता येणार नाही.

दोर पंखाच्या खाली दिलेल्या कडीतच बांधायचा. स्ट्रटला, म्हणजे पंखाला आधार देणाऱ्या तिरक्या दांडीला नाही. स्ट्रटवरची गाठ हिसक्यांबरोबर घसरत जाते, दोर ढिला पडतो आणि पुढचा हिसका दुप्पट बसतो. चाकाच्या पायाला दोर बांधणाऱ्यांनाही हेच सांगणं.

ताण किती ठेवायचा? सुमारे एक इंच ढील. दोर हाताने उचलला तर दोन बोटं खाली जातील एवढी. तंग आवळला तर रात्रभर दोर पंखाला खाली ओढत राहतो, आणि पंख वरच्या दिशेचा भार सोसायला जितके तयार असतात तितके खालच्या दिशेचा नसतात. जास्त ढील ठेवली तर विमानाला उसळी घ्यायला जागा मिळते.

गाठ बोलाइन. शाळेत स्काउटला असलेल्यांना येते. सुरगाठ झटक्याने सुटते. निरगाठ सुटत नाही, पण ओढ बसल्यावर इतकी आवळते की विमान हलवायची घाई असताना कापावी लागते. बोलाइनचा फास सरकत नाही, आणि भार उतरला की अंगठ्याने मागचा वळसा ढकलला की उकलते. शिकवायची पद्धत म्हणजे कडी, दोर आणि रुमालाने बांधलेले डोळे. अंधारात, पावसात, धूळ डोळ्यांत जात असताना जमली तर खरी जमली. मोकळं टोक किमान वीतभर उरू द्या आणि त्यालाही अर्धी गाठ मारा.

बांधण्याचा क्रम

१. ढग कुठे आहे ते बघून नाक त्या दिशेला करा. आखलेल्या जागेत ते शक्य नसेल तर वेळ घालवू नका, आहे तसं बांधा. नाक चुकीच्या दिशेला असलेलं पण नीट बांधलेलं विमान हे बरोबर दिशेला पण सुट्या उभ्या विमानापेक्षा कितीतरी सुरक्षित.

२. दोन्ही मुख्य चाकांना पुढून आणि मागून चाक अडवायचे लहान ठोकळे. पुढचा-मागचा ठोकळा एकमेकांना दोरीने बांधा, नाहीतर विमान हलताच एक निसटतो. ठोकळे बसल्यावर पार्किंग ब्रेक.

३. पंखांचे दोर, मग शेपटीचा. उंच पंखाच्या विमानाला शेपटीचा दोर विसरतो, आणि नाक उचलणं रोखतो तो हाच.

४. फ्लॅप पूर्ण वर. योकमध्ये, म्हणजे वैमानिकाच्या हातातल्या सुकाणूत, गस्ट लॉकची (वाऱ्यात झडपा हलू न देणाऱ्या कुलपाची) पिन. हिच्यामुळे एलेरॉन (पंखांच्या टोकांकडच्या झडपा) आणि एलेव्हेटर (शेपटीची आडवी झडप) जागेवर राहतात.

५. रडरला, म्हणजे शेपटीच्या उभ्या झडपेला, बाहेरून पट्टीचं कुलूप. तिची लाल फीत लोंबती ठेवा.

६. पिटो नळीवर (हवेतला वेग मोजणारी नळी) टोपी, दारं-खिडक्या बंद. वळवानंतर कुंभारमाशी ओली माती घेऊन नळीत घर करते, म्हणून टोपी वादळ सरलं तरी काढू नका.

योकचं कुलूप सापडत नाही म्हणून सीट बेल्ट योकला गुंडाळून मागे ओढून ठेवतात. शेपटीचं चाक असलेल्या जुन्या विमानात, नाक वाऱ्याकडे असताना, हे चालतं. नाकचाक असलेल्या सेसनात उलटं होतं. योक मागे म्हणजे एलेव्हेटर वर, आणि समोरून वारा आला की शेपूट दबून नाक उचलतं. सेसनाला योक मधोमधच हवा.

वारा फारच जोराचा येणार असेल तर पंखाच्या वरच्या बाजूला, पुढच्या कडेपासून साधारण चौथ्या हिश्श्यावर, खाली फोम लावलेली दोन इंची चौकोनी लाकडी पट्टी लांबीभर बांधतात. तिने हवेचा प्रवाह फुटतो आणि उचल कमी होते. हे सावकाश करायचं काम आहे, धावपळीत पत्र्याला पोचे पडतात. टाक्या भरलेल्या असल्या तर थोडं वजन वाढतं. सेसना १५२च्या साध्या टाक्यांत ते सत्तर किलोच्या आसपास, म्हणून त्यावर भिस्त नको.

टॅक्सी करत असताना वारा सुटला तर

टॅक्सी म्हणजे विमान जमिनीवर चालवत नेणं. इथे बहुतेक शिकाऊ वैमानिक एकच करतात, हँगरकडे, म्हणजे विमान ठेवायच्या शेडकडे पळतात. नाकचाकाच्या, उंच पंखाच्या विमानाला सगळ्यात वाईट वारा मागून तिरका येणारा. समजा तो डाव्या बाजूने मागून येतोय आणि विद्यार्थी घाईघाईत वळतोय. वारा डाव्या पंखाखाली आणि शेपटीखाली शिरतो. विमान उजव्या चाकाला आणि नाकचाकाला जोडणाऱ्या रेषेभोवती कलतं, डावा पंख वर, प्रोपेलर जमिनीला आणि मग पाठीवर. हे व्हायला तीन-चार सेकंद पुरतात.

वारा समोरून तिरका असेल तर योक वाऱ्याच्या बाजूला वळवायचा, पुढे-मागे मधोमध. मागून तिरका असेल तर योक वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला आणि पुढे ढकललेला. वेग चालण्याइतका, वळण मोठ्या वर्तुळात. विंडसॉक बघून प्रत्येक वळणावर योकची जागा बदलायची सवय पहिल्या दिवसापासून लागली पाहिजे, शांत हवेतसुद्धा.

झोत आलाच तर हँगर विसरा. जिथे आहात तिथे सावकाश नाक वाऱ्याकडे घ्या, ब्रेक धरा, इंजिन मंद चालू ठेवा, योक आधी सांगितल्याप्रमाणे. झोत बहुधा दहा-पंधरा मिनिटांत ओसरतो. प्रोपेलर फिरत असताना कुणीही दोर घेऊन पंखाखाली येऊ नये, आणि आतल्यानेही हात करून बोलावू नये.

हँगर

हँगर मिळाला तर उत्तमच, पण दारं पूर्ण लागत असतील तर. एका बाजूने उघडं पत्र्याचं शेड झोत आत घेतं आणि छप्पर वर फेकतं. मग पत्रे तुमच्याच विमानावर. शेडमध्येसुद्धा चाकांना ठोकळे आणि गस्ट लॉक हवेच. शेडबाहेरच्या शिड्या, ट्रॉल्या, रिकामी पिंपं, प्लास्टिकच्या खुर्च्या आत ओढा. मे महिन्यात खुर्चीसुद्धा विमान फोडते.

उलटल्यावर

आत माणूस असेल तर आधी तो. उलट्या विमानात पट्टा सोडण्याआधी एक हात छताला घट्ट लावायला सांगा, नाहीतर मान मोडते. मॅग्नेटो (इंजिनाला ठिणगी देणारं यंत्र), इंधनाचा वॉल्व्ह, मास्टर स्विच बंद. पेट्रोल टाक्यांच्या टोपणांतून आणि व्हेंटमधून ठिबकायला लागतं. निळ्या रंगाचं दिसलं तर ते विमानाचं पेट्रोल. आग विझवण्याचं साधन जवळ, मोबाईलच्या फ्लॅशने फोटो काढणारे लांब.

आत कुणी नसेल तर घाई कशाचीच नाही. वीज थांबेपर्यंत आतच राहा. मग हात न लावता फोटो: प्रत्येक दोराचं टोक तुटलंय की सुटलंय, कडी निघाली की वाकली, ठोकळे कुठे आहेत, कुलूप लागलेलं होतं का. पडलेल्या विमानाला दहा जणांनी मिळून सरळ करण्याचा मोह होतो. करू नका. पंखाच्या टोकावर भार आला की दुरुस्त होण्यासारखा पंख भंगारात जातो. क्रेन आणि पट्टे लावून, उत्पादकाच्या पुस्तकात सांगितलेल्या जागा धरूनच उचला.

कागदपत्रांत एक बारकावा आहे. विमान अपघाताच्या अधिकृत व्याख्येत उड्डाणाच्या हेतूने कुणीतरी चढल्यापासून सगळे उतरेपर्यंतचा काळ धरतात. रिकामं उभं विमान वाऱ्याने उलटलं तर ते त्या व्याख्येत बसत नाही. टॅक्सी करताना उलटलं आणि मोठं नुकसान झालं तर बसतं, आणि मग विमान अपघात अन्वेषण ब्युरोच्या परवानगीशिवाय, माणसं बाहेर काढण्यापलीकडे, अवशेष हलवता येत नाहीत. कुठलाही प्रकार असो, डीजीसीएला (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला) कळवा, आणि विमा कंपनीला त्याच दिवशी. विमा घेतानाच 'जमिनीवरची जोखीम' समाविष्ट आहे का आणि विमान बांधून ठेवण्याची अट कशी लिहिलीय, ते वाचलेलं असावं. सर्वेक्षकाला हवामान विभागाच्या जवळच्या केंद्राची त्या वेळची वाऱ्याची नोंद आणि तुमचे फोटो एकत्र द्या.

न उलटलेलं विमानही तपासा

वाऱ्याने फक्त हलवलेलं विमान दुसऱ्या दिवशी सकाळी तसंच उडवणं ही जास्त धोक्याची चूक. रडर दोन्ही टोकांना सावकाश फिरवा, थांबण्याच्या जागेवर कट्ट आवाज येतो का, बिजागऱ्या वाकल्यात का. एलेरॉन आणि एलेव्हेटर हलवताना कुठे अडतंय का, केबलचा ताण सारखा आहे का. स्ट्रटची दोन्ही टोकं आणि पंख धडाला जोडणारे बोल्ट. रिव्हेटच्या भोवती काळसर धुरकट वलय दिसलं तर तो ढिला झालाय. पत्र्यावर, विशेषतः पंखाच्या मुळाशी, शेपटीच्या आधी आणि नाकचाकामागच्या फायरवॉलवर (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याच्या भिंतीवर) सुरकुती दिसते का, हे टॉर्च आडवी धरून बघा. समोरून टॉर्च मारली तर सुरकुती दिसत नाही.

प्रोपेलर जमिनीला टेकला असेल तर 'इंजिन बंद होतं' हा बचाव चालत नाही. सेसना १५२ आणि १७२च्या बहुतेक प्रकारांत लायकमिंगचं इंजिन असतं. लायकमिंगच्या नियमानुसार इंजिन बंद असतानासुद्धा प्रोपेलरला किरकोळ घासकामापलीकडे दुरुस्ती लागली, तर तो 'प्रॉप स्ट्राइक' धरतात आणि इंजिन उघडून तपासावं लागतं.

पहिल्या उड्डाणाआधी बाहेरची सगळी कुलपं काढलीत का, हे दोघांनी वेगवेगळं मोजावं. ३० ऑक्टोबर १९३५ला अमेरिकेत बोइंगचं नवं चार इंजिनांचं बॉम्बर गस्ट लॉक न काढताच उडालं आणि कोसळलं. वैमानिकांनी छापील तपासयादी वापरायला सुरुवात केली ती या अपघातानंतर.

आणि ज्या दोराने झोत सोसला तो पुन्हा वापरू नका. ताणलेला नायलॉन आतून तुटायला लागलेला असतो आणि बाहेरून नवा दिसतो. हातभर लांबीचे तुकडे कापून टाका, नाहीतर कुणीतरी पुढच्या वळवात तोच दोर कोपऱ्यातून काढून आणेल.